गावचावडी ते हुजूर कचेरी : औंधच्या ग्रामराज्याची वाटचाल

औंध संस्थानची ग्रामराज्य व्यवस्था २१ जानेवारी १९३९ रोजी अमलात आली आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा तिचा कारभार थांबला. या नऊ वर्षांपैकी सहा वर्षे दुसऱ्या महायुद्धात गेली. नव्या व्यवस्थेला मूळ धरायला शांततेची काही वर्षे मिळायला हवी होती. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षीच्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले आणि टंचाई, महागाई, नियंत्रणे व पुढे बेचाळीसचे आंदोलन हे सारे एकामागून एक तिच्या अंगावर आले. त्यात ती टिकली, ही या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

या प्रयोगाबद्दल लिहिताना राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी, गांधीजी आणि घटनेचा मसुदा यांचीच चर्चा अधिक होते, आणि ती व्हायलाही हवी. पण राज्य चालते ते रोजच्या खबरीवर. धान्य किती आहे, शाळा उघडली का, विहिरीचे काम कुठवर आले, पैसा कशात गेला, ही माहिती गावातून तालुक्याला, तालुक्यातून संस्थानच्या मुख्य म्हणजे हुजूर कचेरीला आणि तिथून पुन्हा गावाला कशी पोचते, यावर त्याचा कस लागतो. औंधने या खबरीची वाट बदलून दाखवली. ज्याने काम केले त्यानेच त्याचा जबाब द्यायचा, आणि तोही ज्यांना खरे-खोटे ठाऊक आहे अशा माणसांसमोर, हा तिचा गाभा होता.

१९०९ ते १९२९ : पायाभरणी

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. परशुराम त्र्यंबक यांच्यापासून चालत आलेले हे घराणे छत्रपतींचे प्रतिनिधी म्हणून मान्यता पावलेले होते, तरी विसाव्या शतकातले त्यांचे संस्थान आकाराने लहानच होते. क्षेत्र सुमारे ५०१ चौरस मैल आणि गावे ७२. ही गावेही सलग नव्हती. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तालुके होते आणि त्यांच्या मधून ब्रिटिश मुलूख व इतर संस्थानांच्या हद्दी जात होत्या. औंध साताऱ्याच्या पूर्व भागात, आटपाडी दुष्काळी माणदेशात, कुंडल कृष्णाकाठाजवळच्या सुपीक पट्ट्यात, तर गुणदाळ थेट विजापूर जिल्ह्यातल्या कानडी मुलखात. एका तालुक्यात उसाची चर्चा चालू असताना दुसऱ्यात पाण्याच्या घागरीची चिंता असे. चारही ठिकाणांना एकच हुकूम लागू करणे, आणि चारही ठिकाणांहून एकसारखी माहिती मिळवणे, हे या संस्थानापुढचे कायमचे अवघड काम होते.

त्या काळी माहितीचा प्रवास एकाच दिशेने होई. पाटील-कुलकर्णी गावचे दप्तर ठेवत, मामलेदार तालुक्याचा गोषवारा करत, हुजूर कचेरी त्यावरून संस्थानचा वार्षिक कारभार-अहवाल तयार करी आणि तो छापून ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे जाई. मुंबई इलाख्यात रुळलेली ही पद्धत महसूल गोळा करण्यासाठी पुरेशी होती. पिकाची आणेवारी, जमाबंदी, वसुली आणि थकबाकी हे तिचे मुख्य रकाने. गावाने वर काय पाठवले हे गावातल्या माणसाला कळण्याची सोय त्यात नव्हती.

राजेसाहेबांनी या चाकोरीत पुष्कळ नवे आणले. ते पदवीधर होते, चित्रकार होते, कीर्तन करत आणि गावोगाव फिरत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर जागा व बिनव्याजी कर्ज दिले. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ औंधातच बहरले. शाळांमधून सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. रयतेच्या प्रतिनिधींची सभा बोलावून त्यांचे ऐकून घेण्याचा पायंडाही घटनेच्या बराच आधी पडला होता. सभेचे अधिकार मर्यादित होते, पण दरबारात उभे राहून गावचे गाऱ्हाणे मांडण्याची सवय तिने लावली. पुढच्या काळात हीच सवय कामी आली.

या दोन दशकांचे आणखी एक देणे म्हणजे प्राथमिक शिक्षक. वाडीवस्तीवर सरकार म्हणून दिसणारा माणूस बहुधा शाळामास्तरच असे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या १९५५ सालच्या कादंबरीला याच संस्थानाची पार्श्वभूमी आहे. तिच्यातला कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीत शिकवायला जातो, तालमीच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. कादंबरीचे कथानक कल्पित असले, तरी शिक्षक, वस्ती आणि दरबार यांचे जे नाते तिच्यात दिसते ते औंधच्या माणसांना परके वाटत नाही.

१९३०चे दशक : घटना आणि तिची आखणी

१९३३ साली दख्खनमधल्या संस्थानांसाठी स्वतंत्र एजन्सी निर्माण झाली आणि कोल्हापूरचा रेसिडेंट हा औंधचा ब्रिटिश सरकारशी दुवा झाला. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. संस्थानी प्रजेच्या चळवळी जोर धरत होत्या आणि औंधच्या प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांनीही जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली होती.

१९३७ च्या सुमारास राजपुत्र आप्पासाहेब पंत विलायतेतून शिक्षण पुरे करून परतले. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे व्यवस्थापक मॉरिस फ्रीडमन यांच्याशी त्यांची गाठ पडली. फ्रीडमन पोलंडमधले ज्यू इंजिनिअर, पुढे स्वामी भारतानंद या नावाने ओळखले गेलेले. रमण महर्षींच्या सहवासात राहिलेला आणि गांधीजींच्या चरख्यात सुधारणा सुचवणारा हा माणूस रजा काढून औंधला आला. सगळी सत्ता प्रजेच्या हाती सोपवावी, हा विचार त्यांनी राजेसाहेबांसमोर मांडला. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या राजेसाहेबांनी तो मनापासून स्वीकारला. एखाद्या राजाने इतक्या मनापासून असे पाऊल उचलल्याचे उदाहरण त्या काळात दुर्मीळच म्हणावे लागेल.

त्यानंतर आप्पासाहेब व फ्रीडमन सेवाग्रामला गेले. गांधीजींनी घटनेच्या आराखड्यात बारकाईने लक्ष घातले. पहिली पायरी गाव असावी, मतदाराला लिहिता-वाचता यावे, न्याय शक्य तितका गावातच मिळावा, राजाने विश्वस्त म्हणून साधेपणाने राहावे, असा त्यांचा आग्रह होता. आप्पासाहेबांनी पुढची दहा वर्षे या कामाला द्यावीत, असेही त्यांनी सांगितले. घटना जाहीर झाल्यावर ‘हरिजन’मधून त्यांनी तिचे स्वागत केले.

घटनेचा सांगाडा सुटसुटीत होता. गावातल्या साक्षर प्रौढांनी पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती. तालुका समित्यांमधून संस्थानचे विधिमंडळ आणि त्याला जबाबदार असलेले मंत्री. महसुलाचा सुमारे निम्मा भाग गाव-तालुक्याच्या पातळीवर खर्चायचा. राजाचा खासगी खर्च मर्यादित. भाषण, सभा आणि धर्म यांचे स्वातंत्र्य हे नागरिकांचे हक्क म्हणून मान्य.

या रचनेतली सर्वांत महत्त्वाची कडी कागदावर सहज नजरेतून सुटते. गावचा अध्यक्ष हाच तालुका समितीचा सभासद होता. गावात पैसा खर्च करणारा आणि तालुक्यात त्याचा हिशेब सांगणारा माणूस एकच. त्याच्या शेजारी बसलेले बाकीचे सभासद आसपासच्याच गावांचे, त्या रस्त्याने बाजाराला जाणारे, तो बांध आणि ती शाळा स्वतः पाहिलेले. अशा बैठकीत अपुरे काम पुरे म्हणून सांगणे कठीण होते. जुन्या पद्धतीत मामलेदाराला दौरा काढून जी खातरजमा करावी लागे, ती इथे बैठकीतच होऊन जाई.

इतर संस्थानांमध्ये १९३९ साली काय चालले होते हे पाहिले, की औंधच्या शांत स्थित्यंतराचे वजन कळते. राजकोटच्या प्रश्नावर मार्च १९३९ मध्ये गांधीजींना उपोषण करावे लागले. एप्रिलमध्ये रामदुर्ग संस्थानात दंगल होऊन माणसे मेली. फेब्रुवारीत लुधियान्याला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या संस्थानी प्रजा परिषदेच्या अधिवेशनात तर लहान संस्थानांनी शेजारच्या प्रांतांत मिसळून जावे, असाच सूर निघाला. औंधसारखे चिमुकले राज्य स्वतःच्या पायावर लोकराज्य चालवू शकते का, ही शंका प्रजेच्या मित्रांनाही होती.

याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न ठेवता जमीन द्यावी, कुटुंबासह राहू द्यावे आणि विश्वासावर सोपवावे, ही कल्पना फ्रीडमन व आप्पासाहेबांनी प्रत्यक्षात आणली. पुढे ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, त्याचे मूळ इथल्या मातीत आहे. माडगूळकर स्वतः औंध संस्थानातल्या माडगुळ्याचे आणि औंधच्या शाळेत शिकलेले.

१९४०चे दशक : युद्धकाळातला कारभार

महायुद्धाने साऱ्या जगातली सरकारे अहवालांच्या मागे लावली. लंडनमध्ये निरनिराळी खाती युद्धमंत्रिमंडळापुढे परस्परविरोधी आकडे मांडत. तो घोळ मिटवायला जानेवारी १९४१ मध्ये तिथे मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालय उभारावे लागले. भारतात अन्नधान्यासाठी वेगळे केंद्रीय खाते निघायला डिसेंबर १९४२ उजाडला, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे भुकेने मेली. त्या दुष्काळाच्या कारणांत, कुठे किती धान्य आहे हे वेळेवर न कळणे किंवा कळूनही न मानणे, हेही एक होते. १९४१ ची जनगणना झाली, पण युद्धामुळे तिची कोष्टके आटोपती घेण्यात आली. त्या गणनेत औंधची लोकसंख्या ८८ हजारांहून थोडी अधिक भरली.

एवढ्याशा संस्थानालाही टंचाईचे सगळे प्रकार भोगावे लागले. प्रांतिक सरकारांनी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात धान्य नेण्यावर बंधने घातली. औंधचे तालुके विखुरलेले, त्यामुळे कुंडलची ज्वारी आटपाडीला न्यायची तर ब्रिटिश हद्द ओलांडणे भाग. आपल्याच एका तालुक्यातून दुसऱ्यात माल हलवण्यासाठी परक्या हद्दीतल्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करावा लागे आणि रेसिडेंटचे दार ठोठवावे लागे. अशा पत्रव्यवहाराला आकड्यांचा भक्कम आधार लागतो. गरज किती, शिल्लक किती, पुढची सुगी कधी, हे ठामपणे सांगता आले नाही तर परवाना मिळत नाही. त्यामुळे महसूल, पुरवठा, शिक्षण, आरोग्य, पोलीस ही खाती आपापले दप्तर स्वतंत्र ठेवत असली, तरी युद्धकाळात त्यांची माहिती एकमेकांशी ताडून पाहणे अपरिहार्य झाले.

धान्याच्या मोजणीत गावाचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. या भागात तेव्हा ज्वारी पेवात साठवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, अरुंद तोंडाचा खोल खड्डा. आतून कडबा आणि भुसा लावून त्यात ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. वरून पाहणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. पेव उघडले तरी लगेच आत उतरता येत नाही. कोंडलेल्या वाफेने माणूस गुदमरतो, म्हणून आधी तोंड उघडे ठेवून वारा खेळू द्यायचा, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे. कचेरीतून आलेल्या कारकुनाला अशी पेवे शोधून, उघडून, मोजून आकडा काढणे जवळजवळ अशक्य. कुणाचे पेव कुठे, ते कोणत्या सालचे, त्यात किती पोती, हे फक्त गावाला ठाऊक. ज्या सरकारवर गावाचा विश्वास नाही त्याला गाव हा आकडा सांगत नाही. आपण निवडलेल्या पंचांसमोर मात्र तो लपवणे अवघड, कारण पंचाचेही पेव त्याच आळीत असे. लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या, धास्तीने मुलूखभर धान्य दडवले जात असताना पंचायत या संस्थेला जी किंमत आली, तिचे मूळ या साध्या वस्तुस्थितीत आहे.

दुसरी टंचाई कागदाची. १९४२ नंतर कागदावर कडक नियंत्रण आले. किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांनाही त्याची झळ लागली. कचेऱ्यांतून जुन्या लखोट्यांच्या आतल्या बाजूवर आणि वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर लिहिणे हा देशभरचा रिवाज झाला. अशा दिवसांत लांबलचक अहवाल परवडत नाही. औंधच्या रचनेत तालुका समितीची बैठक हेच अहवालाचे मुख्य ठिकाण असल्याने तोंडी सांगणे, तिथेच विचारणे आणि ठरावापुरते लिहून ठेवणे एवढ्यावर भागू शके. तांब्याची चणचण इतकी झाली, की १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा चलनात आला. बायका तो दोऱ्यात ओवून ठेवत. सुट्या पैशांचा तुटवडा पडला, की गावच्या हिशेबात उधारीचे रकाने वाढत, आणि पंचायतीच्या वसुलीवरही त्याचा ताण येई.

शिक्षणाच्या बाबतीत घटनेने एक विलक्षण गोष्ट साधली होती. मताचा हक्क साक्षरतेशी जोडल्यामुळे शाळेचा आणि रात्रीच्या वर्गाचा पट हाच मतदारयादीचा पाया ठरला. शिक्षण खात्याने किती प्रौढांना लिहायला शिकवले हा आकडा वर पाठवून विसरण्याजोगा राहिला नाही. एखादे नाव गाळले तर त्या माणसाचे मत जाई, आणि तो विचारायला येई. दिवसभर शेतात राबून कंदिलाच्या उजेडात पाटीवर गिरवणारे प्रौढ आणि त्यांना शिकवणारे मास्तर यांचे श्रम या व्यवस्थेच्या मुळाशी आहेत. युद्धात रॉकेल मिळेनासे झाले, तेव्हा पहिला फटका या वर्गांना बसला असणार, हे सांगायला दप्तराची गरज नाही. साक्षरतेच्या अटीमुळे काही काळ पुष्कळांचे, विशेषतः स्त्रियांचे आणि दलित वस्त्यांतल्या लोकांचे मत दूर राहिले, हेही नोंदवले पाहिजे. ही अट मुळात शिकण्याला चालना देण्यासाठी होती, आणि ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी संस्थानानेच अंगावर घेतली होती.

न्यायाच्या कामातही गावाला केंद्र मानले गेले. तंटा जिथला तिथे, साक्षीदार हाताशी असताना, पंचांच्या मदतीने मिटवला तर तारखा पडत नाहीत आणि वकिलाचा खर्च वाचतो. शेतकऱ्याला सुगीच्या दिवसांत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नाहीत, हे युद्धकाळातल्या मजूरटंचाईत मोठेच साहाय्य होते.

बेचाळीसच्या ऑगस्टनंतर या व्यवस्थेची वेगळीच परीक्षा झाली. सातारा जिल्हा आंदोलनाने पेटला. भूमिगतांनी १९४३ मध्ये प्रतिसरकार उभारले. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते, आणि औंध संस्थानातले कुंडल हे त्याचे एक मुख्य केंद्र. जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांची तुफान सेना इथूनच वाढली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली आणि ब्रिटिश पोलिसांचा ससेमिरा वाढला. संस्थानी हद्दीत त्यांना मनमानी शिरता येत नसे. रेसिडेंटमार्फत औंधवर दडपण येत राहिले.

ब्रिटिश राजवटीत रेसिडेंटांकडून दर पंधरवड्याला राजकीय परिस्थितीचा अहवाल दिल्लीला जात असे. त्यासाठी लागणारी माहिती संस्थानांकडून येई. कुंडल परिसरात कोण राहते, रात्री कुणाच्या घरी जेवते, प्रतिसरकारचे न्यायदान मंडळ कुठे बसते, हे गावाला पूर्ण माहीत होते. तरी महत्त्वाचे भूमिगत वर्षानुवर्षे हाती लागले नाहीत. धान्याचा आकडा पंचांना सांगणारी माणसे भूमिगतांबद्दल पोलिसांजवळ अवाक्षर काढत नव्हती. राजेसाहेब आणि आप्पासाहेब यांची सहानुभूती कुणाकडे होती, हेही गावांनी ओळखले होते. अधिकृत भूमिका सांभाळून लोकांच्या पाठीशी उभे राहण्याचे हे काम जोखमीचे होते. जराशा चुकीने संस्थानचे अधिकार काढून घेतले गेले असते. दरबारातल्या अधिकाऱ्यांनी, गावच्या पंचांनी आणि पोलीस पाटलांनी ते मिळून पेलले.

१९४४ मध्ये आप्पासाहेब संस्थानचे मुख्य प्रधान झाले आणि विलीनीकरणापर्यंत त्या पदावर राहिले. टंचाईच्या या वर्षांतही औंधचे सांस्कृतिक जीवन आटले नाही. अंतुबुवा जोशी यांनी गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीतोत्सव १९४० पासूनचा. युद्धाच्या ऐन धामधुमीत दूरदूरचे गवई या डोंगरपायथ्याच्या गावात हजेरी लावायला येत, ही गोष्ट औंधकर आजही अभिमानाने सांगतात.

युद्ध संपले तरी नियंत्रणे उठली नाहीत. १९४६ मध्ये दख्खनमधल्या काही राजांनी संस्थानांचा संघ करण्याची कल्पना घेऊन पुण्यात गांधीजींची भेट घेतली. अशा संघाची घटना कशी असावी या चर्चेत औंधचा सात वर्षांचा अनुभव स्वाभाविकपणे पुढे आला. ऑक्टोबर १९४७ मध्ये औंध, भोर, फलटण, सांगली, मिरजेची दोन्ही संस्थाने, रामदुर्ग आणि कुरुंदवाड या आठांनी संयुक्त दख्खन संस्थानाच्या करारावर सह्या केल्या. ही रचना रुजण्याआधीच काळ पालटला. गांधीजींच्या हत्येनंतर साऱ्या प्रदेशाला दुःखद दिवस पाहावे लागले, आणि ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. आप्पासाहेब त्याच वर्षी भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीला गेले. गांधीजींनी मागितलेली दहा वर्षे जवळजवळ पुरी झाली होती.

१९५० आणि १९६०ची दशके : नव्या प्रशासनात

विलीनीकरणानंतर औंधचे तालुके पांगले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याची उत्तर व दक्षिण अशी वाटणी झाली. औंध उत्तरेत खटाव तालुक्यात राहिले. आटपाडी आणि कुंडल दक्षिण साताऱ्यात गेले, ज्याला १९६० मध्ये सांगली जिल्हा हे नाव मिळाले. गुणदाळचा भाग विजापूर जिल्ह्याबरोबर १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. राजेसाहेबांचे १३ एप्रिल १९५१ रोजी निधन झाले.

संस्थानातल्या पंचायतींना जो पैसा आणि जे अधिकार होते ते मुंबई राज्याच्या तेव्हाच्या पंचायत कायद्यात नव्हते. गावचा अध्यक्ष आता तालुक्याच्या कारभारात सभासद म्हणून बसत नव्हता, आणि अहवालाची वाट पुन्हा एकेरी झाली. ज्यांनी ग्रामराज्य अनुभवले होते त्या पंचांना हे जाणवल्याशिवाय राहिले नसेल. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली, १९५८ मध्ये मुंबई ग्रामपंचायत कायदा झाला, आणि वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. गाव, तालुका आणि त्यावरचे मंडळ ही साखळी औंधने तेवीस वर्षांपूर्वीच चालवून पाहिली होती. फरक महत्त्वाचा आहे. औंधमध्ये पायाचा दगड गाव होता, तर महाराष्ट्राच्या रचनेत सर्वाधिक बळ जिल्ह्याला मिळाले.

१९७० ते १९९० : अभ्यास आणि आठवण

मधल्या काळात औंधचा प्रयोग वृद्धांच्या आठवणीत आणि काही गांधीवादी वर्तुळांत शिल्लक राहिला होता. मॉरिस फ्रीडमन यांचे १९७०च्या दशकात मुंबईत निधन झाले. निसर्गदत्त महाराजांचे संभाषण जगापुढे आणणारे म्हणून त्यांचे नाव जगभर झाले, पण औंधच्या कामाचे श्रेय त्यांनी कधी स्वतःकडे घेतले नाही. १९८३ मध्ये इंदिरा रॉदरमुंड यांचा या प्रयोगावरचा अभ्यासग्रंथ आला आणि १९८९ मध्ये खुद्द आप्पासाहेबांनी आपल्या वडिलांवर आणि या प्रयोगावर पुस्तक लिहिले. ते १९९२ मध्ये गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला देशाच्या घटनेत स्थान मिळाले.

सद्यःस्थिती

आज औंधमध्ये १९३८ साली राजेसाहेबांनी उभारलेले श्री भवानी संग्रहालय आणि ग्रंथालय राज्य शासनाच्या देखरेखीखाली चालू आहे. यमाई देवीच्या डोंगराच्या कुशीतल्या या इमारतीत चित्रे व शिल्पे पाहायला येणाऱ्यांचा ओघ कायम असतो. शिवानंदस्वामींचा संगीतोत्सव दरवर्षी भरतो. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत कारागृह विभागाच्या अखत्यारीत चालू आहे आणि निवडक कैदी कुटुंबासह तिथे राहून शेती करतात. मूळ प्रयोगातली अजूनही चालती असलेली ही एकच शाखा. कुंडलमध्ये प्रतिसरकारची स्मृती जपणारे उपक्रम होतात आणि त्या पिढीच्या वारसांचा त्यात पुढाकार असतो.

या व्यवस्थेसाठी राबलेल्या बहुतेकांची नावे छापील इतिहासात नाहीत. ७२ गावांचे पंच, रात्रीचे वर्ग घेणारे शिक्षक, हिशेब लिहिणारे कुलकर्णी व कारकून, तालुक्यांच्या वाटा पायी तुडवणारे शिपाई आणि पेवातली ज्वारी खरी किती आहे हे पंचांना सांगणारे शेतकरी या सर्वांनी मिळून ही नऊ वर्षे चालवली. प्रस्तुत इतिहासाचे श्रेय त्या सर्वांचे आहे.